दोन पिंपे, एक फळी आणि एक बँक

धंदा वाढवण्यासाठी बँकेकडे कर्ज मागायला गेलेल्या लहान व्यावसायिकाला पहिला प्रश्न विचारला जातो तो तारणाचा. जागा स्वतःची आहे का, जामीनदार कोण, मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद कुठे आहेत? ज्याच्यापाशी ही सगळी कागदपत्रे तयार असतात, त्याला बहुधा कर्जाची तितकी निकड नसते. ज्याला निकड असते, त्याच्यापाशी दोन हात, ओळखीची गिऱ्हाइके आणि बाजारातला शब्द याखेरीज दाखवण्यासारखे काही नसते. ही तक्रार आजची नव्हे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहरात भाजीपाल्याच्या एका अडत्याने ती मनावर घेतली आणि माणसाच्या बाजारातील शब्दालाच तारण मानणारी बँक काढली. अमादेओ पीटर जिआनिनी हे त्याचे नाव. त्याने सुरू केलेली बँक पुढे 'बँक ऑफ अमेरिका' झाली आणि त्याच्या हयातीतच जगातील सर्वांत मोठी बँक ठरली.

जिआनिनी यांचा जन्म ६ मे १८७० रोजी कॅलिफोर्नियातील सॅन होजे या गावी झाला. आईवडील इटलीतील जिनोआनजीकच्या डोंगराळ भागातून आलेले. वडील लुईजी यांनी प्रथम एक लहानसे हॉटेल चालवले आणि नंतर सॅन होजेजवळच्या अल्विसो येथे शेतजमीन घेऊन फळबाग व भाजीपाला सुरू केला. संसार नुकता मार्गी लागत असतानाच १८७६ मध्ये त्यांच्याकडे काम करणाऱ्या एका मजुराने मजुरीच्या वादातून त्यांना गोळी घातली. वाद अवघ्या एका डॉलरचा होता, असे सांगितले जाते. अमादेओ तेव्हा सहा वर्षांचा होता. ऐन विशीतली आई व्हर्जिनिया दोन मुलांना घेऊन, तिसऱ्याला पोटात वाढवत, ती शेती चालवू लागली. तिच्या शेतातला माल बाजारात नेणारा लोरेन्झो स्काटेना नावाचा गाडीवान होता. पुढे तिने त्याच्याशी लग्न केले. हा सावत्र बाप मोठ्या मनाचा निघाला. १८८२ मध्ये कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोला आले आणि स्काटेना यांनी धक्क्याजवळच्या बाजारात स्वतःची अडत सुरू केली.

त्या बाजाराचे वर्णन आपल्याकडच्या कोणत्याही मार्केट यार्डाला लागू पडावे. मध्यरात्र उलटली की नद्यांच्या खोऱ्यांतून भाजीपाल्याने भरलेल्या होड्या धक्क्याला लागत. कंदिलांच्या उजेडात सौदे होत, पहाटेपर्यंत माल गाड्यांवर चढे आणि उजाडता उजाडता सगळे सामसूम होई. शाळकरी अमादेओ रात्री घरातून निघून या गर्दीत मिसळे. चौदा-पंधराव्या वर्षी त्याने शाळेला रामराम ठोकला आणि अडतीवर पूर्ण वेळ काम सुरू केले. सॅक्रामेंटो नदीच्या खोऱ्यात हिंडून, शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन तो माल ठरवू लागला. एकदा प्रतिस्पर्धी व्यापाऱ्याच्या आधी शेतकऱ्याला गाठण्यासाठी त्याने कपडे डोक्यावर धरून खाडीचे पाणी पोहून पार केले, अशी एक गोष्ट त्याच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. एकोणिसाव्या वर्षी तो या पेढीत भागीदार झाला.

जिआनिनी यांच्या पुढच्या आयुष्याची किल्ली या बारा-पंधरा वर्षांत आहे. अडत्याला शेतकऱ्याला उचल द्यावी लागते. पीक हाती येण्याआधी बियाण्यासाठी, मजुरीसाठी, गाडीभाड्यासाठी पैसे मोजावे लागतात आणि तारण म्हणून समोर असते ते फक्त उभे पीक आणि तो माणूस. पीक दगा देऊ शकते. म्हणून माणूस पारखावा लागतो. त्याचे शेत कसे राखलेले आहे, गेल्या वर्षी भाव पडला तेव्हा तो कसा वागला, त्याची बायको घर कसे चालवते, शेजारी त्याच्याविषयी काय बोलतात, हे सारे ज्याला ठाऊक, त्याचीच उचल वसूल होते. बँकेच्या व्यवहारात ज्याला पत म्हणतात ती जिआनिनी या पोरवयातल्या अडत्याने खातेवही न उघडता, बांधावर उभे राहून शिकून घेतली. तो काळ बँकर होण्यासाठी मोठ्या घराण्यात जन्म घ्यावा लागण्याचा होता. त्यांचे शिक्षण असे उलट्या टोकाने झाले.

१८९२ मध्ये क्लोरिंडा क्युनिओ हिच्याशी त्यांचा विवाह झाला. १९०१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, पेढीतला आपला वाटा त्यांनी नोकरांनाच विकून टाकला आणि धंद्यातून निवृत्त झाल्याचे जाहीर केले. हातात पुरेसा पैसा होता आणि याहून अधिक जोडण्याची हाव नव्हती. मात्र १९०२ मध्ये सासरे जोसेफ क्युनिओ वारले आणि त्यांच्या मालमत्तेची व्यवस्था या जावयाकडे आली. त्या मालमत्तेबरोबर 'कोलंबस सेव्हिंग्ज अँड लोन सोसायटी' या छोट्या बँकेच्या संचालक मंडळातील जागाही आली. निवृत्ती तेथेच संपली.

ही बँक सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉर्थ बीच या इटालियन वस्तीत होती. वस्तीतली माणसे मासेमारी करणारी, भाजी विकणारी, पाव भाजणारी, केस कापणारी. त्यांतल्या बहुतेकांनी बँकेची पायरी कधी चढलेली नव्हती. शिल्लक पैसा गादीखाली किंवा डब्यात राही आणि गरज पडली की सावकाराचे दार ठोठवावे लागे. बँक इटालियनांची असली तरी तिच्या संचालकांना मोठी कर्जे, बडी गिऱ्हाइके आणि पक्के तारण यांतच रस होता. एखाद्या दुकानदाराला शंभर डॉलरचे कर्ज देण्यासाठी जेवढी लिखापढी करावी लागते तेवढीच दहा हजारांसाठीही लागते, मग लहान कर्जांच्या भानगडीत का पडावे, हा त्यांचा हिशेब होता. हिशेब म्हणून तो चुकीचा नव्हता. जिआनिनी यांचे म्हणणे असे की, आज शंभर डॉलर नेणारा दुकानदार दहा वर्षांनी दहा हजार ठेवायला येईल, पण त्यासाठी आज त्याला दारातून परत पाठवता कामा नये. वाद वाढत गेले आणि १९०४ मध्ये जिआनिनी संचालकपदाचा राजीनामा देऊन बाहेर पडले.

त्याच वर्षी सावत्र वडील आणि काही मित्र यांच्याकडून दीड लाख डॉलरचे भांडवल जमवून त्यांनी 'बँक ऑफ इटली' स्थापन केली. जागा निवडली ती जुन्या बँकेला खेटूनच, बंद करून घेतलेल्या एका दारूच्या गुत्त्याची. जुन्या बँकेतला एक हुशार रोखपाल त्यांनी वाढीव पगारावर आपल्याकडे आणला. यात थोडा खुन्नसीचाही भाग होता हे उघड आहे. १७ ऑक्टोबर १९०४ रोजी बँकेचे दार उघडले. पहिल्या दिवसाच्या ठेवी भरल्या ८,७८० डॉलर.

पुढे त्यांनी जे केले ते त्या काळच्या बँकर मंडळींच्या दृष्टीने लाज आणणारे होते. बँकेने आपली जाहिरात करू नये, गिऱ्हाईक शोधत फिरू नये, असा संकेत होता. जिआनिनी रस्त्यात माणसांना थांबवून खाते म्हणजे काय, व्याज म्हणजे काय, हे इटालियन भाषेत समजावून सांगत. दुकानांत शिरत, घरोघर जात. पंचवीस डॉलरचेही कर्ज देत. बँकेचे समभागही त्यांनी मासेवाले, वाणी, बेकरीवाले अशा लोकांना मिळतील, एकाच्या हाती फार एकवटणार नाहीत, अशी काळजी घेतली. वर्षभरात ठेवी सात लाख डॉलरच्या घरात गेल्या.

१८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी सॅन फ्रान्सिस्को हादरले. भूकंपाने जेवढे पाडले त्याहून कितीतरी अधिक पुढचे तीन दिवस पेटलेल्या आगीने खाल्ले. सुमारे चार लाख वस्तीच्या या शहरातील निम्म्याहून अधिक माणसे बेघर झाली. जिआनिनी तेव्हा शहरापासून सतरा मैलांवर सॅन मातेओ येथे राहत होते. आगगाडी मधेच अडली, तेव्हा उरलेली वाट त्यांनी बहुतांशी पायी तुडवली आणि दुपारच्या सुमारास ते बँकेत पोहोचले. इमारत उभी होती. कारकुनांनी नेहमीप्रमाणे बँक उघडलीही होती. आग मात्र सरकत येत होती.

बँकेत सोने आणि चांदी मिळून सुमारे ऐंशी हजार डॉलरची रोकड होती. जिआनिनी यांनी सावत्र वडिलांच्या पेढीतून भाजीच्या दोन घोडागाड्या मागवल्या. पैशांच्या थैल्या तळाशी ठेवून वर संत्र्यांच्या पेट्या रचल्या आणि अंधार पडल्यावर गाड्या सॅन मातेओच्या रस्त्याला लावल्या. लुटारूंच्या भयाने रस्ते भरलेले असताना संत्र्यांच्या गाड्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. भाजीबाजारात आयुष्य काढलेल्या माणसालाच सुचावी अशी ही युक्ती. पुढे कित्येक दिवस बँकेच्या नोटांना संत्र्यांचा वास येत होता, असेही सांगतात. अशा गोष्टींना काळाबरोबर थोडी झळाळी चढतेच. बँकेची इमारत त्या रात्री जळून गेली.

खरी कसोटी त्यानंतरची. शहरातील मोठ्या बँकांच्या पोलादी तिजोऱ्या वाचल्या होत्या; पण त्या इतक्या तापल्या होत्या की, लगेच उघडल्यास आत हवा शिरून कागदी नोटा पेट घेतील, अशी धास्ती होती. त्या थंड होईपर्यंत कित्येक आठवडे थांबणे भाग होते. शहरातील बँकर एकत्र जमले तेव्हा कर्जव्यवहार काही महिने बंद ठेवावेत, असा सूर निघाला. जिआनिनी यांनी त्याला विरोध केला. हिवाळ्यापर्यंत वाट पाहिली तर उघडण्यासारखे शहरच शिल्लक राहणार नाही, असे त्यांचे मत होते. त्यांनी धक्क्यावर दोन पिंपे उभी केली, त्यांवर एक फळी आडवी टाकली, जवळ सोन्याची थैली ठेवली आणि बँक सुरू झाल्याचे जाहीर केले.

कर्ज मागणाऱ्यांच्या कागदपत्रांची राख झालेली होती. खरेदीखत नाही, हिशेबाची वही नाही, ओळख पटवणारा कागद नाही. जिआनिनी समोरच्या माणसाच्या हाताचे घट्टे पाहत, त्याच्या धंद्याचे दोन प्रश्न विचारत आणि हस्तांदोलनावर पैसे देत. हा भाबडेपणा नव्हता. त्यांतल्या बहुतेकांना ते नावानिशी ओळखत होते. शिवाय एक पक्का हिशेबही होता. माणूस जेवढे मागे त्याच्या साधारण निम्मेच ते देत आणि उरलेले त्याने स्वतः उभे करावे, अशी अट घालत. वस्तीतल्या लोकांनी गादीखाली, परसात, नातेवाइकांकडे सोने दडवून ठेवले आहे, याचा अंदाज त्यांना होता. अर्धे कर्ज दिल्याने ते सोने बाहेर पडले, कामाला लागले आणि पुष्कळदा त्यातला काही भाग ठेव म्हणून त्यांच्याच फळीवर आला. ऐंशी हजारांत सगळ्या वस्तीची गरज भागणे शक्य नव्हते. या अटीमुळे तो पैसा पुरला. जहाजांच्या कप्तानांना पैसे देऊन त्यांनी उत्तरेकडून इमारती लाकूड आणवले. परिणाम असा की, नॉर्थ बीचची वस्ती शहराच्या इतर भागांच्या आधी उभी राहिली. त्या फळीवरून दिलेले प्रत्येक कर्ज परत आले, असे बँकेच्या इतिहासात अभिमानाने सांगितले जाते. अगदी प्रत्येक नसेल, पण बहुतेक आले असावे; कारण त्यानंतर बँक वाढतच गेली.

पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, अमेरिकेतील बँकांवर मोठे अरिष्ट आले. ठेवीदार पैसे काढण्यासाठी रांगा लावू लागले आणि अनेक बँकांनी रोख रकमेऐवजी कागदी पावत्या हातावर ठेवल्या. जिआनिनी यांना याचा वास आधीच लागला होता. त्यांनी कर्जवाटप आवरते घेतले, सोने जमवून ठेवले आणि अरिष्ट आले तेव्हा ते खिडक्यांपाशी, सगळ्यांना दिसेल असे, रचून ठेवले. जो मागेल त्याला त्यांनी सोने दिले. साहजिकच मागणारे कमी झाले.

मात्र या अरिष्टाने त्यांना विचार करायला लावले. गावोगावच्या छोट्या बँका सर्वांत आधी कोलमडल्या होत्या. अशा बँकेचे सगळे नशीब एका पिकाला बांधलेले असते. द्राक्षे गेली की कर्जदार, ठेवीदार आणि बँक एकाच दिवशी बुडतात. दुसरी अडचण धंदा वाढवणाऱ्यांची. गावातल्या फळे डबाबंद करणाऱ्या कारखानदाराला नवी यंत्रे घ्यायची असली, तर त्याची मागणी त्या बँकेच्या कुवतीबाहेरची ठरे. बँकेचे भांडवलच तेवढे नसे. म्हणजे धंदा जसा वाढावा तशी बँक त्याला अपुरी पडे. यावर जिआनिनी यांना उत्तर दिसले ते शाखांचे. शहरात ठेवी पडून असतात तेव्हा, पेरणीच्या दिवसांत, शेतकऱ्याला पैसा हवा असतो. सुगीनंतर शेतकऱ्याकडे पैसा येतो तेव्हा शहरातल्या व्यापाऱ्याला माल भरायचा असतो. एकाच बँकेच्या शाखा दोन्हीकडे असतील तर पैसा इकडून तिकडे खेळता राहील, एका खोऱ्यातले नुकसान दुसऱ्या खोऱ्यात भरून निघेल आणि खेड्यातल्या कर्जदारामागे सगळ्या राज्याच्या ठेवींचे बळ उभे राहील. शेजारच्या कॅनडात अशा बँका होत्याच. अमेरिकेत मात्र ही कल्पना जवळजवळ परकी होती.

१९०९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कायद्याने शाखांना वाट मोकळी केली आणि त्याच वर्षी जिआनिनी यांनी आपल्या जन्मगावी, सॅन होजे येथे, तेथील एक बँक विकत घेऊन शाखा उघडली. १९१३ मध्ये ते लॉस एंजेलिसला पोहोचले. पुढे मध्य कॅलिफोर्नियाच्या शेतीप्रधान खोऱ्यात शाखांमागून शाखा निघाल्या. तेथे शेतकरी सावकारांना आणि स्थानिक बँकांना भारी व्याज मोजत होते. जिआनिनी यांच्या शाखा आल्या की दर खाली येत आणि जुन्या सावकारांचे कपाळ वर चढे. नव्या शाखेत ते शक्यतो गावचाच माणूस नेमत आणि गावातील जाणत्यांचे एक सल्लागार मंडळ ठेवत. माणूस पारखण्याचे काम दूरच्या कचेरीतून होत नाही, हा अडतीवरचा धडा ते विसरले नव्हते. पोर्तुगीज, ग्रीक, रशियन, चिनी अशा वस्त्यांसाठी त्या त्या भाषा बोलणारे कारकून त्यांनी ठेवले. १९२१ मध्ये स्त्रियांसाठी, स्त्रियाच चालवतील असा एक स्वतंत्र विभाग सॅन फ्रान्सिस्कोत उघडला.

या विस्ताराची दुसरी बाजूही आहे. गावोगावचे स्वतंत्र बँकर या वाढत्या पसाऱ्याकडे भयाने पाहत होते आणि त्यांचे भय निराधार नव्हते. जिआनिनी प्रतिस्पर्ध्याला विकत घेत. तो विकत नसेल तर त्याच्यासमोर दुकान थाटत. राज्याच्या बँक अधीक्षकाने नव्या शाखांना परवानगी नाकारली, तेव्हा १९२६ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत बँकेने आपले वजन आपल्याला अनुकूल असलेल्या सी. सी. यंग यांच्या पारड्यात टाकले. ते निवडून आले, अधीक्षक बदलला आणि परवानग्या मिळाल्या. लहान माणसाचा कैवार घेऊन निघालेली बँक आता राज्याचे राजकारण हलवू शकत होती, हे जिआनिनी यांच्या चाहत्यांनाही पूर्णपणे मानवले नसावे.

१९२८ मध्ये त्यांनी 'ट्रान्सअमेरिका कॉर्पोरेशन' ही धारक कंपनी स्थापन केली आणि न्यूयॉर्कमध्येही पाऊल ठेवले. १९३० मध्ये 'बँक ऑफ इटली' हे नाव जाऊन 'बँक ऑफ अमेरिका' हे नाव आले. प्रकृती खालावली होती. साठीला आलेल्या जिआनिनी यांनी सूत्रे न्यूयॉर्कच्या एलिशा वॉकर यांच्या हाती दिली आणि ते उपचारांसाठी युरोपला गेले. महामंदीचे दिवस होते. ट्रान्सअमेरिकाचा समभाग साठ डॉलरच्या वरून घसरत अवघ्या दोन-तीन डॉलरवर आला. वॉकर यांनी कंपनीचे भाग मोकळे करण्याचा, म्हणजे ही इमारत विटा विटांनी विकून टाकण्याचा बेत आखला. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानेही कदाचित तेच केले असते. पण जिआनिनी परतले.

यानंतरचा प्रसंग त्यांच्या आयुष्यातील सर्वांत नाट्यमय म्हणावा लागेल. कंपनीचे समभाग हजारो लहान भागधारकांकडे विखुरलेले होते. ते शेतकरी, दुकानदार, कोळी, जुने कर्जदार होते. समभाग कोसळल्याने त्यांचेच हात सर्वांत जास्त पोळले होते आणि त्यांनी जिआनिनी यांनाच दोष दिला असता तर ते अन्यायाचे ठरले नसते. जिआनिनी मोटारीने गावोगाव फिरले. सभागृहांत, शाळांत, दिवाणखान्यांत सभा घेतल्या आणि मतदानाचे अधिकारपत्र आपल्याला द्यावे, अशी विनंती केली. एका अर्थाने ते स्वतःच आता कर्ज मागायला निघाले होते. तारण काही नव्हते, ज्या माणसांना तीस वर्षे पारखून पैसे दिले त्यांच्यापाशी स्वतःची पत तेवढी होती. १५ फेब्रुवारी १९३२ रोजी डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे भागधारकांची सभा भरली. मते मोजली गेली तेव्हा जिआनिनी प्रचंड बहुमताने विजयी झाले होते.

बँक हाती आली ती जर्जर अवस्थेत. मार्च १९३३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी देशातील सर्व बँका काही दिवस बंद ठेवल्या आणि ज्या धडधाकट असतील त्यांनाच उघडण्याची परवानगी देण्याचे ठरवले. सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे प्रमुख जिआनिनी यांच्या बँकेला अनुकूल नव्हते. वॉशिंग्टनमध्ये बरीच ओढाताण झाली. एवढी मोठी बँक बंद राहिली तर सारा कॅलिफोर्निया बसेल, हे अखेर सर्वांना उमगले आणि तिला परवानगी मिळाली.

मंदीच्या त्या वर्षांत हजारो शेतकऱ्यांना कर्ज फेडता आले नाही आणि त्यांच्या जमिनी बँकेच्या संलग्न कंपनीकडे जमा झाल्या. त्यामुळे बँकेचे नाव राज्यातील सर्वांत मोठ्या जमीनदारांत घेतले जाऊ लागले. हस्तांदोलनावर कर्ज देणाऱ्या माणसाच्या चरित्रात हा डाग आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. पीक बुडाले की अडत्याला एखाद्या कुळाचे एक वर्ष सोडून देता येते. कोट्यवधींच्या ठेवी सांभाळणाऱ्या बँकेला ते तितके सोपे नसते. जिआनिनी यांना दोन्ही जागांवर बसावे लागले.

त्याच काळात इतरांनी दार बंद केले तेथे त्यांनी ते उघडे ठेवले, हेही तितकेच खरे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचे कर्जरोखे घ्यायला १९३२ मध्ये कुणी पुढे येत नव्हते, तेव्हा त्यांच्या बँकेने ते उचलले. चित्रपटधंद्याकडे इतर बँका तमाशा म्हणून पाहत असताना जिआनिनी आणि त्यांचे धाकटे बंधू अत्तिलिओ यांनी त्याला पहिल्यापासून पैसा पुरवला. वॉल्ट डिस्ने यांची गोष्ट या बाबतीत प्रसिद्ध आहे. लघुपटांवर चालणारा त्यांचा लहानसा स्टुडिओ 'स्नो व्हाइट' हा पूर्ण लांबीचा चित्रपट काढायला निघाला आणि खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे जाऊन सुमारे पंधरा लाख डॉलरवर पोहोचला. अर्धवट चित्रपट बँकेला दाखवायला डिस्ने नाखूश होते. पण पैसे संपले होते. बँकेचे जोसेफ रोझेनबर्ग यांनी तो पाहिला, चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही आणि निघताना, याला भरपूर पैसा मिळेल, एवढाच अभिप्राय दिला. कर्ज मिळाले. १९३७ च्या डिसेंबरात चित्रपट झळकला आणि स्टुडिओचे नशीब पालटले. पगारदार आणि किरकोळ व्यावसायिकांसाठी हप्त्यांनी फेडायची छोटी कर्जे बँकेने मोठ्या प्रमाणावर सुरू केली तीही याच दशकात. सावकाराचा धंदा त्याने जेवढा बसला तेवढा कोणत्याही कायद्याने बसला नसेल.

१९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या चेस नॅशनल बँकेला मागे टाकून बँक ऑफ अमेरिका जगातील सर्वांत मोठी बँक बनली. तिचे संस्थापक मात्र सॅन मातेओच्या त्याच जुन्या घरात राहत. बँकेत त्यांनी कधी बंद खोली घेतली नाही. त्यांचे टेबल मोकळ्या दालनात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे असे. फार पैसा झाला की माणूस पैशाचा नोकर होतो, अशी त्यांची धारणा होती आणि तिला ते जागले. १९२७ च्या नफ्यातून बँकेने त्यांना देऊ केलेली सुमारे पंधरा लाख डॉलरची रक्कम त्यांनी स्वतः न घेता कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे वळवली. त्यातून तेथे कृषी अर्थशास्त्राची संस्था उभी राहिली. १९४५ मध्ये उरलेल्या संपत्तीतील जवळजवळ निम्मा भाग त्यांनी वैद्यकीय संशोधन आणि शिक्षणासाठी काढून दिला.

३ जून १९४९ रोजी सॅन मातेओ येथे, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. बँकेच्या तेव्हा कॅलिफोर्नियात पाचशेहून अधिक शाखा होत्या आणि तिची मालमत्ता सहा अब्ज डॉलरच्या आसपास होती. जिआनिनी यांच्या स्वतःच्या मालमत्तेची मोजदाद झाली ती पाच लाख डॉलरही भरली नाही.